डुकरांवर झालेली कृपा

आभाळ कोरडं ठणठणीत, आणि भरदुपारी एका झाडाखाली पाऊस! सान अंतोलिन गाव तिथं आ वासून उभं होतं. कुणी जीभ बाहेर काढलेली, कुणी तुंबे धरलेले. वर झाड किर्र किर्र वाजत होतं आणि खाली पांढऱ्या झग्यातला उपदेशक, बंधू सेफेरिनो, हात पसरून ओरडत होता, "ऐका, देवदूत गातायत! झेला, मारिया माउलीचे अश्रू झेला! थेंब जिभेवर, ताप वाऱ्यावर!"

मी गावात खानावळ चालवते. फुकट मिळालं की माणसं काय वाटेल ते तोंडात घालतात, हे रोज बघते. पण त्या गर्दीत माझी धाकटी बहीण नेलिदा होती, आणि तिच्या कडेवर तापानं काळवंडलेली तिची लेक सोइला. पोरीची नुसती हाडं उरलेली. दवाखान्याच्या गोळ्या घेतल्या तर माउली रुसते असं बंधूनं सांगितलं, आणि या शहाणीनं गोळ्या नदीत फेकल्या.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ताई, हे पाणी पाजलं की दुसऱ्या दिवशी ताप उतरतो. डोळ्यांनी बघितलंय मी."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"पुन्हा येतो... बंधू म्हणतात, घरात कुणीतरी शंका घेतं."

ते कुणीतरी म्हणजे मी. पोर मेली असती तर खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं.

माझ्याकडे जेवायला डॉक्टर ओतिलिया यायच्या. राजधानीच्या, लिमाच्या बाई. रानातले किडे शोधायला माणसं, तंबू, जाळ्या घेऊन आमच्या भागात उतरलेल्या. गाव त्यांना 'किडेवाली' म्हणे. त्यांनी त्या झाडाची एक फांदी बघायला मागितली, तर बंधू चवताळलाच. "देवाच्या लेकरांना टाचणीनं भोसकते ही बया! हिच्यामुळेच ताप आलाय!" झालं! लोकांनी जाळ्या फाडल्या, तंबूवर दगड घातले. बाईंच्या कपाळाला खोक पडली.

माझ्या चुलीपाशी बसून, जखमेवर फडकं दाबत त्या म्हणाल्या, "मारदोनिया, असली झाडं मी वरच्या नदीकाठी पाहिलीयत. फांदीवरचे किडे झाडाचा रस ओढतात आणि मागून सोडतात."

"मागून म्हणजे?"

"मागून म्हणजे मागूनच, बाई."

मी इतकी हसले की भात करपला. मग सोइला आठवली आणि हसूच आटलं. म्हटलं, "सांगून कुणी ऐकायचं नाही. दाखवायला हवं."

बाईंनी रानातल्या तशाच एका झाडावरून ते किडे धरून आणले. माझ्या डुकरांच्या खोपटावर शेंगांचं एक झाड झुकलंय. त्याच्या फांदीला पातळ मलमलीची पिशवी बांधून किडे आत सोडले आणि पिशवी पानाआड झाकली. दुपार चढली तशी वर किर्र किर्र आणि डुकरांच्या पाठीवर टपटप सुरू झाली. मी गावभर बोंबलत सुटले, "बंधू, धावा! माउली माझ्या डुकरांवर प्रसन्न झाली!"

गडी हुशार असता तर घरात बसला असता. पण हाव कुठं गप्प बसू देते? गावाला मागं घेऊन आला आणि सरळ चिखलात गुडघे टेकले. "दुसरं तीर्थ! देवदूत इथंही उतरले!" तोंड उघडून पहिला थेंब त्यानंच झेलला. "अहाहा! काय गोडी!"

"गोड लागतंय ना?" फांदीवर चढत बाईंनी विचारलं, आणि पिशवी सोडून झटकली.

भर्रकन किडे उडाले. पाऊस बंद, गाणंही बंद. एक टपोऱ्या डोळ्यांचा किडा बाईंनी चिमटीत धरून खाली आणला. सगळ्यांसमोर त्यानं मागून थेंब सोडला, तो नेमका बंधूच्या बाहीवर.

"हे तुमचे देवदूत," बाई म्हणाल्या, "आणि हे त्यांचं मूत."

आधी म्हाताऱ्या आबेलिनोनं थू केलं. मग सगळं गाव थुंकायला लागलं.

"ही परीक्षा आहे!" बंधू किंचाळला. "माउलीच किड्यांच्या रूपानं..."

"मग प्या की! थांबलात कशाला?" आबेलिनो म्हणाला.

नेलिदा मात्र तिथंच उभी. "पण ताप उतरायचा हो, बाई. खरंच उतरायचा."

बाईंचा आवाज मऊ झाला. "हा ताप दिवसाआडच येतो, नेलिदा. काहीही पाजा, नाहीतर काहीच पाजू नका, दुसऱ्या दिवशी उतरतो आणि तिसऱ्या दिवशी चढतो. उतरला की श्रेय बंधूचं, चढला की पाप तुमचं."

नेलिदानं तुंबा बंधूच्या अंगावर भिरकावला आणि पोरीला उराशी धरून नावेकडे धावत सुटली. मी मागोमाग.

दवाखान्यात सोइला जगली. शेजारच्या बासिलियोचं तान्हं बाळ वाचलं नाही. तेही तेच पाणी पीत होतं. बंधूला कुणी पकडलं नाही. तो त्याच संध्याकाळी पसार झाला आणि आता कुठंतरी दुसरं झाड शोधत असेल. माझा संताप अजून उतरलेला नाही, उतरायलाही नको.

देवावर श्रद्धा ठेवायची तर खुशाल ठेवा, मीही ठेवते. पण लेकराच्या तोंडात काही घालायच्या आधी जरा मान वर करून बघा, ते पडतंय कुठून.