अर्कादीसरांची झारी

मी एक जुनी पत्र्याची झारी आहे, मित्रांनो. पण बागेतली नव्हे. फुलांना पाणी घालण्याचे भाग्य मला कधी लाभलेच नाही. मी सेंट पीटर्सबर्गच्या एका बॅलेशाळेतली. नाच सुरू होण्याआधी तिथल्या लाकडी जमिनीवर पाणी शिंपडत, म्हणजे पाय घसरत नसत.

अर्कादीसर तिथेच शिकले, पुढे नाच बसवू लागले आणि २००१ साली मँचेस्टरच्या एका लहान बॅले कंपनीचे कलासंचालक झाले. येताना त्यांनी मलाही बॅगेत कोंबले. स्वस्थ बसणे त्यांना ठाऊकच नव्हते. ट्रॅममध्येसुद्धा त्यांची बोटे गुडघ्यावर नाच बसवत असायची. रोज सकाळी ते स्वतः पाणी शिंपडायचे. वर्तमानपत्रांत आमच्या नाचांचे कौतुक छापून येई, त्यात फोटो मात्र एकट्या सरांचा!

मग कंपनीने लाकडावर व्हिनाइलची नवी जमीन अंथरली. तिच्यावर पाणी पडले की ती निसरडी होते. माझी रवानगी खिडकीत झाली. त्या वर्षी मुख्य नाच लंडनमधल्या हाउन्सलोहून आलेल्या ऋजुता नावाच्या मुलीला मिळाला होता. रंगीत तालमीच्या सकाळी सर फार अस्वस्थ होते. सवयीने त्यांनी मला उचलले, भरले आणि शिंपडले. मला ओरडता आले असते तर! पहिल्याच उडीला ऋजुता घसरली आणि तिचा घोटा मोडला.

तिच्या आईने तक्रार केली तर सरांना जावे लागेल, असे विश्वस्तांनी सांगितले. दुसऱ्याच दिवशी तिची आई, रश्मीताई, तावातावाने आल्या. मागून कुबड्या टेकत ऋजुता.

"मम्मा, प्लीज, कम्प्लेंट नको ना करू. माझी पाय होईल ठीक. सर गेले तर मला कोण शिकवणार?"

"तू गप्प बस! जन्मभर लंगडत राहिलीस म्हणजे?"

आत सर गुडघ्यांवर बसून कोरडी जमीन पुन्हा पुन्हा टॉवेलने पुसत होते. ताई बराच वेळ बघत राहिल्या.

"उठा, सर," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तक्रार नाही करत मी. पण तिचा नाच दुसऱ्या कुणाला देऊ नका."

सर उठले. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

आता ऋजुता खुर्चीत बसून हातांनीच तो नाच शिकते. रोज सकाळी सरांचा हात माझ्या दांडीकडे येतो आणि मध्येच थबकतो. तेवढ्यात माझा जीव टांगणीला लागतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सगळेच सांगतात. मलाही जपा, पुसा, हवा तर रंग द्या. पण माझ्यात पाणी भरू नका. समोरच्या खुर्चीत एक मुलगी उभे राहण्याची वाट बघते आहे.