अक्षरांच्या होडीची कैफियत

मी होडी बोलतेय, आणि आज माझं डोकं फिरलंय. लाकडाची नाही हो मी. कंसांचं बूड, तिरप्या रेघांचं शीड आणि खाली टिंबांचं पाणी. कॉम्प्युटरच्या ज्या काळ्या पडद्यावर नुसत्या आज्ञा टाइप करतात, तिथे मी डावीकडून उजवीकडे जाते आणि पुन्हा डावीकडून येते.

मला लिहिलं ताईंनी. त्या पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात काम करतात. मला पहिल्यांदा पाहून शेजारच्या खुर्चीवरचा ऑपरेटर हसला होता. "ताई, पगार काय होड्या सोडायचा मिळतो का?"

"अरे, ही इथे चालतच नाहीये," ताई म्हणाल्या. "पलीकडे टाकीवरच्या कॉम्प्युटरवर चालतेय, तिथून नेटवर्कच्या लाईनवरून आपल्याला दिसतेय. होडी थांबली की समजायचं, लाईन गेली. लगेच टाकीवर फोन करायचा."

तेव्हापासून चहा पिताना, डबा खाताना सगळ्यांचा एक डोळा माझ्यावर. मी अडकले की कप तसाच ठेवून फोनकडे धाव. कौतुक कुणी केलं नाही, आणि मला त्याची हौसही नव्हती.

मग पाहुणे येणार म्हणून साहेबांना हुक्की आली. "ते होडीचं सगळ्या पडद्यांवर लावा. खोलीत काहीतरी हलताना दिसलं पाहिजे!"

"साहेब, इथल्या इथे लावली तर ती नुसतीच चालत राहील. लाईन गेलेली कळणार नाही."

"अहो, तासाभराचा तर प्रश्न आहे!"

झालं. माझ्या नकला खोलीतल्याच कॉम्प्युटरांवर सोडल्या, आणि सगळ्या सारख्या दिसाव्यात म्हणून टाकीवरची खरी मी बंद. पाहुण्यांनी हौसेने फोटो काढले. नेमकी तेव्हाच लाईन गेली. पडद्यांवर होड्या आपल्या मजेत चालल्या होत्या. तिकडे टाकी भरल्याचं इथे कुणाला कळलंच नाही, पंप चालूच राहिला, टाकी भरून वाहिली आणि खालच्या गल्लीत शिंप्याच्या दुकानात गुडघाभर पाणी शिरलं. लोकांनी शिवायला टाकलेले कपडे त्यात तरंगत होते.

चौकशीत साहेब काय म्हणाले माहीत आहे? "कर्मचारी पडद्यावर खेळ बघत बसले होते." खेळ! ज्या तोंडाने हट्टाने लावायला सांगितलं, त्याच तोंडाने हे! ताईंना नोटीस, आणि मला पुसून टाकायचा हुकूम. तोही ताईंच्याच हातून. जनाची नाही, निदान मनाची तरी?

माझ्या जागी आता एक छोटं गोल चाक येणार आहे. साहेबांनीच पसंत केलंय. दिसायला नीटनेटकं, आणि खोलीतल्याच कॉम्प्युटरवर फिरणारं.

ताईंनी आज्ञा टाइप केलीय. 'नक्की पुसायचं?' असं पडद्यावर आलंय आणि त्यांचं बोट बटणावर अडलंय. दाबा, ताई. तुमची नोकरी राहू दे. तुमच्यावर माझा राग नाही. फक्त त्या खोलीतल्या मंडळींना एवढं सांगून ठेवा, की ते चाक कधीच थांबणार नाही. म्हणूनच त्याच्या भरवशावर राहू नका.