ठोक्याच्या मापाचं कपाट

पुस्तकात मीच का मरतो? हा प्रश्न ठोक्यानं आईला विचारला, आर्ट गॅलरीच्या बाईंना विचारला, ताईच्या फोटोलाही विचारून पाहिला. आई चष्मा पुसत राहिली. बाई म्हणाल्या, कलाकृतीला असं विचारायचं नसतं. आणि ताई तर पुस्तक संपवलं तशी अंथरुणाला खिळली, ती उठलीच नाही.

ठोक्या हे नाव तिनंच ठेवलेलं. लहानपणी हा आधी ठोसा मारायचा आणि भांडण कशावरून चाललंय ते मागाहून विचारायचा. शाळेशी त्याचं लवकरच फाटलं, पुढं सुतारकामात हातोडा हाती आला आणि नाव अंगात मुरलं. ताई चित्रकार. शेवटच्या काही वर्षांत तिनं कादंबरी लिहायला घेतली, पण तीसुद्धा चित्रकारासारखीच. जी वस्तू समोर नाही तिच्याविषयी अक्षर लिहायचं नाही. कादंबरीत टेबल यायचं असेल तर आधी ठोक्यानं टेबल करून द्यायचं, मग त्याच्यासमोर बसून ती ते वाक्य लिहिणार. कप तिनं स्वतः मातीचा घडवला, पडदा स्वतः रंगवला. या सगळ्या वस्तूंची एक खोली गॅलरीत उभी करायची होती, आणि कादंबरीची एकुलती एक प्रत त्या टेबलाला साखळीनं बांधायची. वाचायची तर तिथंच बसून. खोली आणि पुस्तक मिळून एकच काम आहे, असं ती म्हणायची. ठोक्याला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण ताईला लाकूड हवंय, एवढं त्याला पुरे होतं.

सगळ्यात शेवटी तिनं कपाट मागितलं. उभा माणूस मावेल असं, आणि कडी बाहेरून.

"माप?" त्यानं विचारलं.

"तुझंच घे. टेप शोधायला नको." तिनं त्याला फळीला टेकवून उभं केलं आणि त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली.

"पोटाशी जरा सैल ठेव गं. जेवल्यावर फुगतो मी."

एरवी असल्या बोलण्यावर ती खो खो हसायची.

कपाटाचं दार थोडं खाली बसलं. कडी लावायची तर दार उचलून धरावं लागे. तो ते दुरुस्त करायला गेला, तर आता हात लावू नकोस म्हणाली. तेव्हा तिच्या नखांत पडद्याचा निळा रंग होता. तो पुढं दवाखान्यातल्या नर्सनं घासूनही निघाला नाही. तो घेऊनच ती गेली.

खोली मांडायचं काम मग ठोक्याच्याच गळ्यात आलं. बाई पुस्तकातून वाचून दाखवायच्या आणि तो एकेक वस्तू जागेवर ठेवायचा. कप टेबलाच्या डाव्या कडेला आहे असं पुस्तकात होतं, आणि तो कोमट आहे असंही होतं. ठोक्यानं खोक्यातल्या पेंढ्यातून कप काढून ठेवला, तर बोटांना ऊब लागली. आपल्याच हाताची असेल, असं म्हणून तो जेवायला गेला. परत आला तेव्हाही कप कोमटच होता. खुर्चीवर नवी उशी ठेवली, तर थोड्या वेळानं तिच्यात कुणी बसून उठल्यासारखा खळगा पडला. कंगवा ठेवला, तर त्याचे दात ओले. पुस्तकातली बहीण नुकतीच न्हाऊन बाहेर गेली होती. बाईंनी वर बघितलं आणि छत गळत असेल म्हणाल्या. बाहेर लख्ख ऊन होतं.

घरी येऊन त्यानं हे आईला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आई गॅलरीत येऊन बसू लागली. त्या कपाभोवती दोन्ही हात धरून ती पुस्तक वाचायची. तिचं वाचून झालं तरी ठोक्या अक्षरांखाली बोट सरकवत रखडतच होता. शेवट मात्र त्याला नीट कळला. भाऊ कपाटात जातो, कडी लागते, तो पुन्हा बाहेर येत नाही. मग बहीण घरी येते आणि आईसमोर बसून चहा पिते.

शेवटचं हे एकच पान ताईनं वस्तू समोर नसताना लिहिलं, हे बाई प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी लोकांना कौतुकानं सांगत होत्या. सगळं मांडून झालंय, एकच वस्तू राहिलीय, असं म्हणून त्या रिकाम्या कपाटाकडे हात करायच्या, आणि लोक हसायचे. पुस्तकातल्या, ओठ हलवत वाचणाऱ्या भावालाही हसायचे. ठोक्या टेबलाचा सैल पाय ठोकत खाली बसला होता. खुर्चीतल्या पाहुणीनं पान उलटलं आणि मैत्रिणीला म्हणाली, मेला ते बरं झालं बाई, काय कामाचा होता तो?

सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, ठोक्या हातोडा घेऊन गॅलरीत शिरला. किल्ली त्याच्याकडेच असायची. कपाटाच्या फळ्या वेगळ्या केल्या की ते पान खोटं पडेल, इतका साधा त्याचा हिशेब होता. पण आई त्याच्या मागोमाग आली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"सरक, आई."

"तोडून काय मिळणार तुला?"

"मी मरतो यात. लिहिलंय."

"वाचलंय मी," आई म्हणाली. "ती येते, तेही लिहिलंय."

"आणि मी?"

आई त्याच्या शर्टावरचा भुसा झटकू लागली. शाळेत धाडताना त्याचा सदरा झटकायची, तशीच. "तिला तू कधी कशाला नाही म्हटलं नाहीस रे, बाळा."

हातोडा खाली धरून तो वाट बघत उभा राहिला. तिनं एकदा नको म्हणावं, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. शर्टावर भुशाचा कणही उरला नाही तेव्हा आई बाजूला सरकली आणि तिनं कपाटाचं दार उघडून धरलं.

त्यानं हातोडा तिच्या हातात दिला, चपला काढल्या आणि आत जाऊन उभा राहिला. पोटाशी सैल जागा ठेवलेली होती. दार लागलं. बाहेर आई कडीशी खटपट करत होती, कडी बसत नव्हती. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. मग रंगात मिसळायच्या टर्पेंटाइनचा वास आला. दाराच्या फटीत आईच्या बोटांशेजारी आणखी चार बोटं आली. त्यांच्या नखांत निळा रंग होता.

"सरक, आई," ताई म्हणाली, "तुला नाही जमायचं."

तिलाही जमेना. ठोक्यानं तळहात फळीला लावले आणि दार आतून उचलून धरलं.