अबोल्याचं सलून

निवृत्तीनंतर बसकंडक्टरला ढकलायला प्रवासी उरले नाहीत, म्हणून तो लोकांचे संसार ढकलू लागला. गल्लीत त्याला सगळे 'पुढेसरका' म्हणत. बायको सांगायची, "अहो, नसत्या उठाठेवी बंद करा." पण ऐकतोय कोण!

कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दोन भाऊ शेजारी शेजारी काम करायचे. एकमेकांशी चकार शब्द नाही. काही लागलं तर गिऱ्हाइकाच्या मार्फत.

"त्याला म्हणावं, तुरटी दे."

"त्याला म्हणावं, नाकासमोर आहे."

पुढेसरकाचा जीव तुटायचा. एकाच आईची लेकरं ना ही!

एका सकाळी थोरला त्याची दाढी करत होता. डावा गाल झाला, मिशीची डावी बाजू कातरून झाली, आणि पुढेसरकानं त्याचं मनगट धरलं. "बास! आज तुम्ही बोलल्याशिवाय मी उठत नाही. धाकट्या, म्हण, दादा."

धाकट्याचा वस्तरा थांबला. "दादा..."

थोरल्याचे डोळे भरले. पुढेसरकाचेही भरले, पण त्यात साबण गेला होता.

"दादा, माझ्या लग्नात तू माझ्या सासऱ्याला भामटा का म्हणालास?"

"भामटाच आहे तो!"

दोघांनी वस्तरे खाली ठेवले, तेवढीच अक्कल. मग ब्रश, टॉवेल, पावडरीचा डबा सगळं उडायला लागलं. दुसऱ्या खुर्चीतलं गिऱ्हाईक गळ्यातल्या कापडासकट पळालं.

आतल्या खोलीतून म्हातारी आई बाहेर आली. "यांना बोलतं कुणी केलं?"

दोघांची बोटं एकाच दिशेला वळली.

"अहो शहाणे, हे बोलले की एकमेकांची डोकी फोडतात. म्हणून मीच अबोल्याची शपथ घातली यांना. घर शांत होतं, धंदा चालत होता, आणि तुम्ही आलात दिवे लावायला!"

"आजी, मी आपलं चांगल्यासाठी..."

"गप्प!"

दोघे भाऊ पाठ फिरवून उभे राहिले. अर्ध्या मिशीला हात लावायला दोघांपैकी एकही तयार होईना. शेवटी म्हातारीनंच वस्तरा उचलला. तिचा हात थरथरत होता. पुढेसरकानं श्वास रोखून धरला. कातरत बसायच्या भानगडीत ती पडलीच नाही, उजवा गाल उरकला आणि दोन्हीकडची मिशी साफ उतरवली.

घरी बायकोनं दार उघडलं. "कोण पाहिजे आपल्याला?"

मग तिनं ओळखलं आणि हसत हसत उंबऱ्यावरच बसली. समोरच्या काकूंनी दारातून मान काढली. "काय हो, काय झालं?"

"तुम्हाला काय करायचंय?" म्हणत पुढेसरका आत शिरला.