ग्लॉकनरची बाटली

फेलिक्स गोर्नी एकवीस वर्षं धावफलकाच्या पोटात बसत आला होता, आणि एवढ्या वर्षांत तिथे त्याला भीती वाटली असेल तर ती उंदरांची. त्या रविवारी बेसबॉल सामन्याच्या चौथ्या इनिंगमध्ये मात्र डोक्यावरची तुळई कुरकुरली, आणि तळ्यावरून आलेला वाऱ्याचा झोत निघून गेल्यावरही ती कुरकुरतच राहिली.

धावफलक म्हणजे मैदानाच्या टोकाला, उघड्या बाकांच्या मागे उभी केलेली तीन मजली लाकडी पेटी. आत फेलिक्स एकटाच. टेलिफोनवर आकडा आला की त्या आकड्याची पत्र्याची पाटी उचलायची आणि खिडकीएवढ्या भोकात अडकवायची, एवढंच काम. पण पेटीच्या डोक्यावर ग्लॉकनर बिअरची बाटली उभी होती. पत्र्याची, चार पुरुष उंच, हिरवीगार. मिलवॉकीच्या दक्षिण भागात कोणालाही विचारा, तो सांगे की मैदान त्या बाटलीखाली बांधलंय. संघ हरायचा, चांगले खेळाडू विकले जायचे, बाटली जागची हलायची नाही. उत्तर भागातले लोक दुसरीच बिअर पीत, आणि त्यांच्या घरी मुलगी द्यायची म्हटली की इकडचे बाप दहा वेळा विचार करत.

ग्लॉकनरवाल्यांनी एक रीत पाडली होती. आपल्या संघातल्या कोणी मारलेला चेंडू बाटलीला लागला की धावफलकातल्या माणसाने दांडा ओढायचा. मग बाटलीच्या तोंडाशी पांढऱ्या दिव्यांचा फेस उसळे, पितळी घंटा चांगली तीन-चार मिनिटं घणघणे, आणि उघड्या बाकांवरच्या पहिल्या तीनशे जणांना पार त्या टोकाच्या फाटकाजवळ एकेक ग्लास फुकट मिळे. फेलिक्सने एकवीस वर्षांत तो दांडा पाच वेळा ओढला होता. पाचही वेळा बाकं क्षणात ओस पडली. एकदा तर खुद्द पाद्रीबाबा झगा वर धरून पळताना दिसले होते.

शुक्रवारी छताच्या झडपेतून डोकं काढलं तेव्हा बाटलीच्या मागच्या पायाला बोट जाईल एवढी चीर दिसली होती. त्याने लगेच मैदानाचे मॅनेजर डाल्मनसाहेब यांना सांगितलं. ते म्हणाले, वेल्डर पाठवतो. आज सकाळी येताना फेलिक्सने रस्त्यावरून मान वर करून पाहिलं, तर पाय लखलखत होता. आज कारखान्याची पंचाहत्तरी, ग्लॉकनरचे मालक स्वतः सामना बघायला येणार, म्हणून काम झटपट झालं असेल असं त्याला वाटलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

आता तो शिडी चढून झडपेतून पुन्हा वर आला. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं. मागच्या पायावरचा नवा रंग तडकला होता आणि आतून लालभडक गंज दिसत होता. चीर आता हात जाईल एवढी होती. दुसरा मागचा पाय वाकला होता, आणि त्याच्या बुडाचे खिळे लाकडातून अर्धे वर आले होते. सगळी बाटली पुढे, बाकांकडे कलली होती.

वेल्डर आलाच नव्हता. रंगारी येऊन गेला होता.

फेलिक्स खाली कसा उतरला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने फोन उचलला.

"साहेब, बाटली पडतेय. बाकं रिकामी करा. आत्ताच्या आत्ता!"

"कोण, फेलिक्स? कुठली बाटली?"

"वरची! एक पाय तुटलाय, दुसरा निघायला आलाय."

"अरे, कालच रंग दिलाय त्याला."

"नुसता रंगच दिलाय साहेब! जोडलाय कुठे?"

मग डाल्मनसाहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "फेलिक्स, खरं सांग. सकाळी पाठवलेली बाटली उघडलीस ना?"

"नाही हो! चार वर्षांत थेंब घेतला नाही. आईशप्पथ."

"मागे आग लागली म्हणून अर्धं मैदान बाहेर काढलंस, तेव्हाही आईशप्पथच म्हणाला होतास. आग कसली, तर कोणाच्या तरी सिगारचा धूर! मालक माझ्या शेजारी बसलेत. सहावी इनिंग झाली की माणूस पाठवतो. गप आकडे बदल."

फोन बंद झाला. लांडगा आला रे आला म्हणून एकदा ओरडलेल्या माणसाचं पुढे जे होतं तेच झालं होतं, आणि दोष कोणाला द्यायचा? त्या दिवशी तो खरंच प्यायलेला होता. ग्लॉकनरवाले धावफलकातल्या माणसाला दर रविवारी एक बाटली भेट पाठवत. पूर्वी तो ती पहिल्या इनिंगला संपवून पुढच्यांची सोय खिशातून करायचा. गेली चार वर्षं ती न उघडता फळीवर ठेवायचा आणि संध्याकाळी फाटकावरच्या रखवालदाराला द्यायचा. आजचीही तिथेच होती.

त्याने भोकातून खाली पाहिलं. चारशे तरी डोकी. टोप्या, टकली, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप. धावफलकाच्या अगदी खाली, मागून पहिल्या ओळीत निळी हॅट, ती याजाची, त्याच्या बायकोची. सव्वीस वर्षांचा संसार, आणि तो इथे लागल्यापासून तिने त्याचा एकही रविवार चुकवला नव्हता. पाचवी इनिंग झाली की ती मागे वळून टोपलीतलं जेवण उंच धरून दाखवायची.

"पळा! अहो पळा!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. एक जण वळला. हा आपल्या संघासाठी ओरडतोय असं समजून त्याने टोपी हलवली.

वर पुन्हा झोत आला. तुळईतून एक खिळा टणकन उडून फेलिक्सच्या पायाशी पडला. आपण खाली उतरून रस्त्याने वळसा घालून फाटकातून आत येईपर्यंत पाच मिनिटं जाणार, आणि आलो तरी चारशे जणांना उठवणार कसे? घाबरलेल्या म्हाताऱ्याचं कोण ऐकतं? माणूस जिवासाठी उठणार नाही, पण फुकटच्या ग्लासासाठी उठेल. हे सुचलं आणि त्याचा हात दांड्यावर गेला.

बॅटरने चेंडू मारला, आणि फेलिक्सने दांडा ओढला.

घंटा घणघणली. चेंडू पार उलट्या बाजूला तिकीटखिडकीच्या छपरावर गेला होता, पण फुकट म्हटल्यावर दिशा कोण बघतो!

"लागला का रे?"

"घंटा वाजतेय ना? मग लागलाच!"

"अहो, पण चेंडू तर तिकडे..."

"तू बस शोधत बाबा. मी निघालो."

बाकं धडाधडा वाजली. म्हातारे काठ्या टेकत, बाया पोरांचे हात ओढत सगळे फाटकाकडे सुटले. मैदानावर खेळाडू कमरेवर हात ठेवून बघत राहिले. फेलिक्सचा फोन खणखणायला लागला. तो डाल्मनसाहेबांचा, हे सांगायला नको. त्याने तो घेतला नाही. तो रडत होता आणि हसत होता. वाचले, वाचले, असं म्हणत त्याने शेवटचं डोकं जिन्याआड जाताना पाहिलं.

मग त्याला निळी हॅट दिसली.

सगळ्या उघड्या बाकांवर एकटी याजा बसली होती. ती कशी उठणार? चार वर्षांपूर्वी चर्चमध्ये, देवाच्या आईच्या तसबिरीपुढे, तिनेच त्याचा हात धरून शपथ घेतली होती: "हा पिणार नाही, आणि हा पीत नाही तोवर मीही ग्लासाला शिवणार नाही." ती बिचारी कधी नावापुरतीच प्यायची. ती शपथ त्याच्यासाठी होती. फेलिक्सने चारशे माणसांचा लोभ बरोबर ओळखला, आणि स्वतःच्या बायकोला विसरला.

ती मागे वळली आणि तळहात उडवून खुणेने विचारलं, हे काय चाललंय?

"याजा, पळ! वर बघ, वर!"

घंटेपुढे काही ऐकू जाईना. तिने कानाला हात लावला. त्याने हातवारे केले, जा, जा! तिनेही हात हलवला. मग तिला वाटलं याला भूक लागली असेल. तिने टोपली उघडली आणि सॉसेज उंच धरून दाखवलं. हसत होती.

वर कडाड आवाज झाला. छताच्या फळ्यांमध्ये वीतभर उजेड दिसला. फेलिक्सला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती. काय केलं तर ही बाई जागची उठेल? कशाने ती पाय आपटत, टोपली टाकून, आत्ताच्या आत्ता त्याच्या अंगावर धावून येईल?

एकच गोष्ट होती, आणि ती फळीवर होती.

त्याने बाटलीचं टोपण लोखंडी कडेवर आपटून उडवलं आणि बाटली भोकाबाहेर धरली. याजाने पाहिलं. तिने बोट नाचवून दटावलं, पण हसणं गेलं नाही. आपला नवरा थट्टा करतोय असंच तिला वाटलं. चार वर्षांत तिचा त्याच्यावर इतका विश्वास बसला होता. त्याने बाटली ओठाला लावून पिण्याचं सोंग केलं. ती बसूनच होती. बावीस वर्षं जिने त्याला पिताना बघितलं तिला सोंग कळणार नाही होय?

तेव्हा फेलिक्स खरंच प्याला. मान मागे टाकून, घशाची घाटी वरखाली होताना तिला दिसेल असा, एक, दोन, तीन घोट. फेस हनुवटीवरून गळ्यात उतरला.

याजाचा चेहरा त्याने पाहिला. तो चेहरा त्याला पुन्हा कधी बघायचा नव्हता.

ती उठली. टोपली लवंडली, सॉसेज बाकाखाली गेलं. "मेल्या! मेल्या, थांब, येते तुझ्याकडे!" हे मात्र त्याला घंटेतूनही ऐकू आलं. स्कर्ट आवळून ती बाजूच्या जिन्याकडे निघाली.

फेलिक्स शिडीकडे धावला. अर्धा उतरला असेल नसेल, वरचं छत कोणीतरी मुठीत धरून उपटावं तसं निघालं. धावफलक मुळापासून हादरला, आकड्यांच्या पाट्या त्याच्या आजूबाजूने खाली कोसळल्या. मग बाहेर एक आवाज झाला, आणि घंटा थांबली.

ती जिन्यापर्यंत पोचली होती का? बाटली सरळ पडली की आडवी? त्याचे पाय पायऱ्या शोधत होते आणि त्या सापडत नव्हत्या. देवाच्या आई, मला ने, तिला नको, असं तो मोठमोठ्याने म्हणत होता. तळाचं दार खांद्याने ढकलून तो रस्त्यावर आला आणि फाटकाकडे धावत सुटला.

जिन्याच्या तोंडाशी याजा उभी होती. हॅट नव्हती, केस सुटले होते, अंगावर धुळीचा थर. तिच्यामागे फाटकाजवळ सगळी गर्दी हातात ग्लास धरून गप्प उभी होती. शेवटच्या सात ओळींच्या जागी हिरवा पत्रा आणि फुटक्या दिव्यांचा चुरा पडला होता. टोपलीचा पत्ता नव्हता.

त्याला बघून ती चालत आली. त्याला वाटलं, आता ही मारणार. तिने दोन्ही हातांनी त्याची कॉलर धरली आणि कपाळ त्याच्या छातीवर टेकवलं.

"म्हणून प्यालास," ती म्हणाली. "मला उठवायला."

"दुसरं काही सुचलं नाही, याजा."

"किती घोट?"

"तीन."

"तीन काय नि तीस काय. देवाला कळतं ते. मीच सांगेन त्याला." तिने डोळे पुसले. "संपलं आता. पडायची ती पडली."

फेलिक्सच्या जिभेवर ती चव होती. चार वर्षांत ती रेसभरही बदलली नव्हती, आणि जणू कालच भेटल्यासारखी ओळख दाखवत होती. त्याने खाली पाहिलं. उजव्या हातात ग्लॉकनरची बाटली होती, अर्ध्याहून जास्त भरलेली.

डोक्यावरचं छत उडालं, पाट्या अंगावर आल्या, आणि तीन मजल्यांची शिडी तो एका हाताने उतरला होता. दुसऱ्या हाताने बाटली सरळ धरली होती. वाटेत एक थेंबही सांडला नव्हता.

"याजा," तो म्हणाला, आणि आता कुठे त्याचा आवाज फाटला. "ही घे माझ्या हातातून. मला सोडता येत नाहीये."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग बाटलीकडे. तिने आपली धुळीने भरलेली बोटं त्याच्या बोटांवर ठेवली आणि ती एकेक करून सोडवायला लागली.