चार सेकंद चालणारं मशीन

सकाळी दहाला थोरलीने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा घुर्र करून फिरला, हिरवा दिवा लागला, आणि एक-दोन-तीन-चार म्हणेपर्यंत सगळं ठप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्या डब्यात नव्या शाळेच्या इमारतीचे अठरा नकाशे होते, तीन महिन्यांचं काम, आणि ते संध्याकाळी पाचच्या आत शाळेच्या कमिटीकडे पोचायचे होते. दुसरी प्रत नव्हती. प्रत केली की ती कुणाच्या तरी हाती लागते, असं थोरलीचं म्हणणं. कुणाच्या तरी म्हणजे धाकटीच्या, पण हे ती स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हणत नसे.

दोघी सख्ख्या बहिणी. थोरली नकाशे काढायची, धाकटी गिऱ्हाइकांशी बोलायची. दोन खोल्यांच्या त्या ऑफिसात अकरा वर्षं असंच चाललं होतं. दोन महिन्यांपूर्वी मात्र धाकटीला फोन येऊ लागले. फोन आला की ती गॅलरीत जायची आणि मागे दार ओढून घ्यायची. एकदा थोरलीने दाराला कान लावला. "सध्या विषय दाबून ठेवा," धाकटी म्हणत होती, "ताईला इतक्यात कळायला नको." झालं! त्या दिवसापासून थोरलीच्या मनातली पाल चुकचुकायची थांबलीच नाही. नकाशे दुसऱ्या कुणाला विकायचा घाट असणार, दुसरं काय?

"काय झालं गं ताई?" धाकटीने विचारलं.

"तुलाच माहीत" हे शब्द ओठांवर आले होते. थोरलीने ते गिळले. "चालू होत नाहीये," एवढंच म्हणाली.

धाकटीने अर्ध्या तासात दुरुस्तीवाला आणला. इतक्या लवकर? जणू जिन्याखाली उभाच होता. माणूस पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने डब्याचं झाकण काढलं तशी थोरली खुर्ची ओढून त्याच्या कोपराशी येऊन बसली.

"आधी डिस्क काढा आणि माझ्याकडे द्या."

"मॅडम, मी काही पळवणार नाही हो."

"तुम्हाला कोण म्हणतंय?" डिस्क तिने पर्समध्ये घातली आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. तो 'तुम्हाला' धाकटीने ऐकला.

दुरुस्तीवाल्याने स्वतःचा पॉवर सप्लाय जोडून पाहिला. चार सेकंद आणि बंद. मेमरीची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बसवली. चार सेकंद आणि बंद. बारा वाजले. थोरली डोळ्यांत तेल घालून त्याचे हात बघत होती. मधूनच धाकटीचा चेहराही बघून घेत होती. धाकटी काळजीत दिसत होती. नाटकं बरी जमतात हिला, थोरलीला वाटलं.

मग त्याने पुढच्या बटणाकडून आत येणारी वायर उपटली आणि तिथल्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखा फिरला. चार सेकंद झाले, दहा झाले, मिनिट झालं. मशीन मजेत चालू.

"अहो, ह्याला काही झालेलंच नाही," तो हसत म्हणाला. "बटण अडकतंय. आत गेलं की वर येत नाही. आणि बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन बंद होतं, ते बनवलेलंच तसं असतं. ह्याला बिचाऱ्याला वाटतंय, तुम्हीच बंद कर म्हणताय." त्याने बटण खोलून उजेडात धरलं. "पार झिजलंय. दिवसातून किती वेळा दाबता?"

"एकदा," थोरली म्हणाली. "सकाळी."

"शक्यच नाही. वीस-पंचवीस वेळा तरी दाबत असणार कुणीतरी."

"ताईच दाबते," धाकटी सहज म्हणाली. "मशीन तापतं म्हणे, म्हणून. पाणी प्यायला उठली तरी बंद करून जाते." आणि मग ती थांबली. "पण परवा मी दिवसभर बाहेर होते. परत आले तेव्हा तू खाली गेली होतीस. मशीन चालूच होतं."

थोरलीने पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"म्हणजे मी ऑफिसात असले की तापतं?"

बंद मशीन कुणी चालू केलं की पंख्याची घुर्र शेजारच्या खोलीतही ऐकू येई, हाच थोरलीचा पहारा. खरं तर पासवर्ड लावता आला असता. पण पासवर्ड लावला असता तर धाकटीला लगेच कळलं असतं, आणि थोरलीला ताकास तूर लागू द्यायचा नव्हता. दुरुस्तीवाल्याने मान खाली घातली आणि रिस्टार्टच्या बटणाची वायर त्या पिनांना लावायचं काम उगाचच हळू केलं. "आता हेच बटण दाबून चालू करा," असं सांगून, डिस्क बसवून, तो झटपट निघून गेला.

अठराच्या अठरा नकाशे जागच्या जागी होते. थोरलीने ते कमिटीला पाठवले तेव्हा दोन वाजले होते.

"ते फोन कुणाचे?" तिने अखेर विचारलं.

"नोकरीचे. मोठी कंपनी आहे. शाळेचं काम होईपर्यंत विषय काढू नका, असं मीच त्यांना सांगत होते. तू खचशील म्हणून." धाकटीचा आवाज सपाट होता. "नंतर नाहीच म्हणणार होते त्यांना."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चहा ठेवते," म्हणत ती उठली.

"ताई."

थोरली दारात वळली.

"मशीन बंद करून जा," धाकटी म्हणाली. "मी इथेच बसलेय."