झाडूंच्या कपाटामागचं संत्र्याचं झाड

वापरलेल्या पुस्तकाचा खालचा उजवा कोपरा पाहिला, तर वाचणारा कुठवर पोहोचला ते कळतं. बाबांच्या स्पॅनिश शिकवणाऱ्या पुस्तकाच्या जुन्या प्रती कधीमधी घरी परत येत. त्यांचे कोपरे पहिल्या धड्यापासून करडे असत, बोटांनी हाताळून मऊ पडलेले. पुढे पुढे तो करडा रंग फिका होत जाई आणि भूतकाळाच्या धड्याशी येऊन थांबे. त्यापुढची पानं कडक, कोरी, एकमेकांना किंचित चिकटलेली. मुलगी भिंगांच्या कारखान्यात तपासनीस होती. काचेतले दोष हुडकण्यात तिचा दिवस जाई, त्यामुळे असलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे. ती एकदा म्हणाली होती, की स्पॅनिश शिकणाऱ्यांचं घोडं भूतकाळापाशीच अडतं.

"लेखकाचंही," आई भाजी चिरता चिरता म्हणाली होती.

मुलीला घरात भिंगू म्हणत, कारखान्यात लागायच्या कितीतरी आधीपासून. बाबा तरुणपणी समुद्रापलीकडच्या एका देशातून या शहरात आले होते. तिकडे लष्कराने सत्ता घेतली होती, मित्र एकेक करून धरले जात होते, आणि एका पहाटे कुणीतरी त्यांना बंदरावर नेऊन सोडलं होतं. इथे शिकवण्यासारखं त्यांच्याजवळ एकच होतं, स्वतःची भाषा. त्यांनी संध्याकाळचे वर्ग सुरू केले, पुस्तक लिहायला घेतलं आणि पुढे आईशी लग्न केलं. उदाहरणाची वाक्यं सुचेनात, म्हणून त्यांनी आपलं घरच पुस्तकात मांडलं. दार हिरवं आहे. किल्ली कुंडीखाली आहे. जिना डावीकडे आहे. लांब बोळाच्या टोकाला दुसरं दार आहे. दारापलीकडे संत्र्याचं झाड आहे.

वर्गात नियम समजावून सांगायचा त्यांना कंटाळा. ते नुसतं विचारत, किल्ली कुठे आहे? आणि बसचालक, नर्स, निवृत्त कारकून एका सुरात सांगत, कुंडीखाली. शहरात अशी कितीतरी माणसं होती, ज्यांना समोरच्या घरात कोण राहतं ते ठाऊक नव्हतं, पण पुस्तकातल्या घराची किल्ली कुठे असते ते तोंडपाठ होतं.

भिंगू तर त्या घरातच वाढली. लहानपणी झोप लागायच्या आधी ती कुंडी सरकवायची, हिरवं दार ढकलायची, थंड फरशीवर पाय ठेवायची. दिवा लावण्याचा धडा पुस्तकात फार उशिरा येत असल्यामुळे तिच्या मनातल्या त्या घरात कधीच दिवे नसत. तिथे कायम दुपार कललेली असे. उजेड भिंतीवरून मधासारखा सावकाश उतरे, स्वयंपाकघरातली आजी पाठमोरी उभी राहून पाणी ओतत असे, आणि ते पाणी संपत नसे. बोळ मात्र दर वेळी थोडा लांब वाटे. टोकाच्या दाराशी पोहोचता पोहोचता तिला झोप लागून जाई. तिची स्पॅनिशही तशीच, त्या घराच्या भिंतींना धरून चालणारी. घराबाहेर पाऊल टाकलं की अडखळली.

खऱ्या घरात आत्या राहत होती. ती दर रविवारी दुपारी फोन करायची. शेवटी एकच प्रश्न असायचा, तू कधी येतोस? तिकडचे लष्करी लोक जाऊन जमाना झाला होता, यायला कुणाची आडकाठी नव्हती. बाबांचं उत्तरही ठरलेलं होतं, एवढी आवृत्ती होऊ दे. मग ते पेन्सिलींना टोक करून पुस्तक दुरुस्त करायला बसत. घरातला कुठलाही अवघड निर्णय असा पुढच्या आवृत्तीवर जाई. आई पाहुण्यांना सांगायची, "मला लग्नाला होकार दिला ना, तोसुद्धा दुसरी आवृत्ती आल्यावर. पहिल्या आवृत्तीत चुका फार होत्या म्हणे."

आत्या आता थकली होती. तिचा मुलगा दुसऱ्या शहरात राहत होता आणि त्याने तळमजल्यावरची खोली तिच्यासाठी कधीची तयार ठेवली होती. पण मरताना भिंगूच्या आजीने तिच्याकडून शब्द घेतला होता, की धाकट्याची, म्हणजे बाबांची, वरची खोली तो स्वतः सांगेपर्यंत मोडायची नाही. त्यामुळे ती दुखऱ्या गुडघ्यांनी, कठड्याला धरून जिना चढायची आणि कुणी न झोपलेल्या पलंगावरची चादर बदलायची. एकदा बाबा घरी नसताना ती भिंगूला म्हणाली होती, येतो म्हणाला तर मी वाट बघेन, नाही म्हणाला तर कुलूप लावेन, पण त्याने तोंड तर उघडावं. भिंगूने तो निरोप बाबांना दिला नव्हता. तोंड उघडलं आणि येतो म्हणाले तर? या वयात गेलेला माणूस परत येईल, असं तिला वाटत नव्हतं. त्यांची चालढकल तिच्या पथ्यावरच पडत होती, आणि हे तिला नीट ठाऊक होतं.

त्या वर्षी प्रकाशक स्वतः घरी आले. चांगला माणूस होता. चहा पिऊन होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, की लोक आता फोनवरच भाषा शिकतात, आणखी आवृत्ती काढणं जमणार नाही. उरलेल्या प्रती तो खोक्यांतून घेऊन आला होता. खोकी बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली, तशी खोली एकदम अरुंद झाली, बोळासारखी. संध्याकाळी बाबा नेहमीच्या जागी बसून पेन्सिलीला टोक करत होते. पेन्सिल संपत आली तरी करतच होते.

त्यानंतर काही दिवसांनी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या बाबांच्या जुन्या विद्यार्थिनी. परिषदेसाठी तिकडे गेल्या होत्या आणि मुद्दाम वाट वाकडी करून आत्याला भेटून आल्या होत्या. आत्या चहा टाकत होती, तेव्हा त्या म्हणाल्या, उठू नका, मला सगळं ठाऊक आहे, मी जरा झाड बघून येते. आणि ऐटीत बोळातून जाऊन त्यांनी टोकाचं दार उघडलं.

"सर, आत झाडू होते," त्या हसत हसत सांगू लागल्या. "कपाट हो. झाडू, बादली, जुनी छत्री. मी बादली बाजूला करून मागे दार आहे का तेसुद्धा पाहिलं. तुमच्या ताई दारात उभ्या राहून बघत होत्या. काय वाटलं असेल त्यांना!"

आई हसली. भिंगू हसली. बाबा म्हणाले, झाड तोडलं असेल. मग म्हणाले, बोळ दुसरा असेल. मग उठून आत गेले.

भिंगूला मात्र चैन पडेना. रविवारी सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि पुस्तकातल्या वाक्यांवरून घर काढायला बसली. दार, जिना, स्वयंपाकघर, खिडक्या. काही वेळाने तिच्या लक्षात आलं, की घर जुळत नाही. एकाच भिंतीतून सकाळचं ऊनही येत होतं आणि मावळतीचंही. स्वयंपाकघरातून समुद्र दिसत होता, आणि बरोबर त्याच्या वरच्या खोलीतून मालगाड्या. दोष काचेत असला की तो वेगवेगळ्या बाजूंनी धरून बघतात. तिने वाक्यं वेगळी करून पाहिली. समुद्राशी जमणारी निळ्या पेन्सिलीने, मालगाड्यांशी जमणारी तांबड्या. दोन्ही घरं अलगद मिटली, डबीचं झाकण बसावं तशी. बोळ दोन्हीकडे होता. निळ्या घरात त्याच्या टोकाला संत्र्याचं झाड होतं. तांबड्या घरात तिथे एकही वाक्य नव्हतं.

तिने बाबांना हाक मारली. ते चष्मा लावून कागदाशी उभे राहिले. निळ्या रेषेवरून त्यांचं बोट दारापासून निघालं आणि बोळातून सावकाश चालत गेलं.

"हे घर मी पाहिलेलंच नाही," ते म्हणाले.

मग खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी जे सांगितलं, त्यातलं अर्धं आईलाही नवीन होतं. त्यांच्या आईचं माहेर आणि सासर आणखीच वेगळ्या देशात होतं. भाषा तीच, समुद्राचा दुसरा किनारा. तिथे एकाच गावातली माणसं एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली, तेव्हा ती दोन लेकरं घेऊन बोटीत चढली. ताई शाळेत जाण्याइतकी, बाबा अंगावर पिणारे. पुढे तांबड्या घरात, म्हणजे आत्याच्या आताच्या घरात, वरच्या खोलीत, दुपारी झोपवताना ताई त्यांना मागे सुटलेलं घर सांगायची, डोळे मीट, दार हिरवं आहे, किल्ली कुंडीखाली आहे.

"मग ते माझंच झालं. कुठलं बघितलेलं आणि कुठलं ऐकलेलं, मी कधी तपासलं नाही." त्यांनी कपाटाकडे मान हलवली. तिथे त्या यादवी युद्धाच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं होती, स्वच्छ कोपऱ्यांची. "त्यातल्या एकात आमच्या गावाला एक ओळ आहे. तोफांनी गाव उद्ध्वस्त झालं, एवढीच. तेवढं वाचून मी मिटून ठेवलं."

"आणि तुम्ही ताईंना इतकी वर्षं टांगून का ठेवलंत?" आईने विचारलं. आवाज टोमण्याचा नव्हता.

बाबांनी बराच वेळ कागदाची कड सपाट केली. "ते घर विकलं, की पुस्तकातलं सगळं खोटं पडेल असं वाटायचं. आणि येत नाही म्हणालो, की मी कायमचा इथला. येतो म्हणालो, तर तुम्हा दोघींना सोडून कुठे जाऊ?"

भिंगूने आत्याचा निरोप तेव्हा सांगितला. आधी सांगायला हवा होता, तुम्ही जाल म्हणून सांगितला नाही, असंही सांगितलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली, वर्गात कुणी उशिरा का होईना बरोबर उत्तर दिलं की डोलावत तशी.

"झाड त्या घरात नव्हतंच, बाबा," ती म्हणाली. "विकलं तरी ते जाणार नाही. ते आत्याच्या आठवणीत आहे."

जेवणं झाली. कुणी भांडी उचलली नाहीत. ऊन टेबलावर आलं, कागदावरच्या निळ्या घरावरून हळूहळू तांबड्या घराकडे सरकू लागलं, आणि भिंगूला वाटलं, आतून कुणीतरी पाणी ओतल्याचा आवाज येतोय. मग फोन वाजला.

आत्याने हवापाणी विचारलं, गुडघ्यांची तक्रार केली, डॉक्टरीणबाईंनी बादली कशी सरकवली ते रंगवून सांगितलं. बाबा ऐकत राहिले. ती नेहमीच्या प्रश्नाकडे वळणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं,

"ताई, त्या घराची किल्ली कुठे असायची?"

पलीकडून आत्याचा आवाज आला, म्हातारीचा नव्हे, शाळेत जाणाऱ्या मुलीचा वाटावा असा. कुंडीखाली, ती म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. त्यांचा एक हात कागदावर होता. दुसऱ्याने फोन धरला होता.

"मी राहायला येणार नाही, ताई," ते म्हणाले. "घर बंद करायला येतो. वरची खोली मीच आवरीन, तू जिना चढू नकोस."